कमरेपाशी सुटलेला काठ

आमचे हे गिटारच्या कारखान्यात सव्वीस वर्षं होते, पण उभ्या आयुष्यात त्यांनी एकही गिटार बनवली नाही. हे काठ लावायचे. फक्त काठ. गिटारच्या पोटाची पुढची फळी आणि बाजूची वळवलेली फळी जिथं एकमेकींना भेटतात, तिथं सगळीकडून नखाएवढी रुंद लाकडी पट्टी बसवलेली असते, ती. बघणाऱ्याला वाटतं शोभेची आहे. ह्यांच्यासमोर तसं म्हणायची सोय नव्हती. काठ नसला तर पहिल्याच धक्क्याला कोपऱ्याचा टवका उडेल, लाकडाच्या कापलेल्या तोंडातून ओल शिरेल आणि दोन वर्षांत पोट उलेल, हे सगळं ते पाहुण्यांना चहा निवेपर्यंत ऐकवायचे. वाजवणारे वाजवतात, एकसंध आम्ही ठेवतो, असं म्हणून वर माझ्याकडे असं बघायचे, जसा काही संसारही तेच एकसंध ठेवत होते. मी कपबशा जरा जोरातच उचलायचे.

कारखान्यात त्यांना सगळे काठवाले म्हणत. मालकसुद्धा. ते नाव त्यांनी अंगरख्यासारखं घातलं होतं. बाजारात कोणी "काठवाले" अशी हाक मारली की मान ताठ व्हायची. मी म्हणायचे, मूठभर पट्ट्या चिकटवतात आणि ऐट बघा. त्यावर ते म्हणायचे, तू एक लावून दाखव. नवराबायकोचं बोलणं ते, कोण मनावर घेतंय.

आता ते जाऊन तिसरं वर्ष चालू आहे. मला त्यांची आठवण येते, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त येते ती त्यांच्या कटकटीची. घर इतकं शांत झालंय की नको वाटतं.

तर कारखान्यातल्या सव्वीसाव्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला, हलकाच. पाय महिन्याभरात सुधारला, बोलणं तर दुसऱ्याच दिवशी पूर्ववत झालं, देवाला तेवढी घाई कशाला होती कोण जाणे. पण डावा हात काही परत आला नाही. होता तिथंच होता, पाहुण्यासारखा. दार उघडायला चालायचा, पण चिमटीत काही धरायचं म्हटलं की बोटं ऐकायची नाहीत. मालक भला माणूस. भेटायला आले तेव्हा हे म्हणाले, घरी काम पाठवा, हळूहळू करीन. मालकांनी कबूल केलं. कारखान्यातला पॉलिशवाला आठवड्याला एक गिटार, म्हणजे नुसतं पोट, आणून द्यायचा आणि काठ लागलेलं घेऊन जायचा.

पहिल्या गिटारच्या वेळी मी नुसती धरायला बसले. ह्यांनी पट्टी तापलेल्या नळीवर धरली, उजव्या हाताने वाकवली, डाव्याने आवरली नाही, आणि ती कडकन मोडली. दुसरीही मोडली, तिसरीही मोडली. ते काही बोलले नाहीत. मला त्यांचं ओरडणं सवयीचं होतं, त्यांचं न बोलणं माझ्याच्याने बघवेना. मी चौथी पट्टी उचलली, पाण्यात बुडवली आणि म्हणाले, सांगा कशी वाकवायची.

झालं. त्या दिवसापासून हे खुर्चीत आणि मी टेबलाशी. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पाणी जास्त झालं, नळी थंड झाली, घाई करू नको, झोपलीस की काय. आपण जन्मभर भाकरी थापल्या तरी ह्यांनी कधी चव नीट लागली का ते सांगितलं नाही, आणि इथं दर बोटाला शेरा. एकदा मी सरसाचा डबा तिथंच ठेवून दोन तास शेजारणीकडे जाऊन बसले. परत आले तर हे उजव्या हाताने सरस ढवळत बसलेले, आळू नये म्हणून. मी मुकाट्यानं पुन्हा बसले.

माझी सगळ्यात मोठी फजिती ऐका. पट्टीच्या एका कडेला बारीक काळी रेघ असते आणि ती रेघ खालच्या बाजूला यावी लागते. म्हणजे उजवीकडची पट्टी वेगळी आणि डावीकडची वेगळी, चपलेसारखी. मी एक सकाळ खपून दोन्ही पट्ट्या अशा सुरेख वाकवल्या की माझं मलाच कौतुक. लावायला गेले तर दोन्ही डाव्याच. दुसरी उलटी केली तर रेघ वर. ह्यांनी बघितलं आणि हसायला लागले. आजारानंतर पहिल्यांदा इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. अशी चूक त्यांनी स्वतः पहिल्या वर्षी तीनदा केली होती, हे त्यांनी तेव्हा कबूल केलं. सव्वीस वर्षांत मला एकदाही सांगितलं नव्हतं.

काम हळूहळू हाताला बसलं. सगळ्यात अवघड जागा म्हणजे गिटारची कंबर. बाकी सगळीकडून कापडाची लांब पट्टी करकचून गुंडाळली की काठ दाबला जातो. पण कंबर आत गेलेली असते, तिथं गुंडाळलेलं कापड टेकतच नाही. तिथं दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरायचं, सरस धरेपर्यंत. अंगठे बधिर व्हायचे. मग वाळल्यावर सांध्यावरून नख फिरवायचं. नख अडलं तर काठ काढायचा आणि पुन्हा लावायचा, ह्यांचा नियमच तो. फटीत सरस आणि भुसा कालवून भरणारे काही कमी नव्हते, पण ह्यांना त्याचा संताप. ते म्हणायचे, भुसा भरणं म्हणजे सरळ खोटं बोलणं.

हे मी करते आहे, हे आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पॉलिशवाला यायचा, गिटार उजेडात फिरवायचा आणि म्हणायचा, काठवाल्यांचा हात आजारपणानंतर आणखीच बारीक झालाय. हे खाली बघायचे. मी आत पोळपाट पुसत उभी असायचे, एकीकडून हसू यायचं आणि एकीकडून, काय सांगू, रागही यायचा. पण तो गेला की हे त्या दिवशी दोन घास जास्त जेवायचे. म्हणून मी गप्प राहिले.

असं दीड वर्ष गेलं. एक दिवस हे म्हणाले, आज तू तुझ्या बहिणीकडे जाऊन ये, बऱ्याच दिवसांत गेली नाहीस. त्यांनी मला आपणहून माहेरच्या माणसांकडे पाठवणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं. मला कळायचं ते कळलं. गेले. संध्याकाळी आले तर टेबलावर कापड गुंडाळलेली गिटार, आणि हे खुर्चीत घामाघूम, पण चेहरा असा की लग्नातसुद्धा तसा नव्हता. मी केलं, म्हणाले. एकट्यानं.

दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले तेव्हा मी कापड सोडलं. काठ छान दिसत होता. कमरेपाशी मात्र बारीक डाग दिसला. नख फिरवलं. भुसा होता. डाव्या अंगठ्यात जोर नव्हता, काठ टेकला नव्हता, आणि माझ्या नवऱ्यानं, ह्या माणसानं, फटीत भुसा भरला होता. मी तिथंच स्टुलावर बसले. काढून पुन्हा लावायला मला एक दिवस पुरला असता. पण मग त्यांना कळलं असतं. बाथरूममधून गुणगुणण्याचा आवाज येत होता. मी गिटार तशीच पुसून ठेवली आणि पॉलिशवाल्याच्या हवाली केली.

चार महिन्यांनी, कोरड्या हवेच्या दिवसांत, मालक स्वतः आले. दुपारची वेळ. त्यांच्या हातात तीच गिटार, आता तारा लागलेली, पॉलिश झालेली. त्यांनी ती टेबलावर आडवी ठेवली. कमरेपाशी काठ उभा राहिला होता. आत पोस्टकार्ड सरकेल एवढी फट, आणि फटीत भुशाचे कण.

मालक रागावले नव्हते. रागावले असते तर परवडलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "काठवाले, तुमचा काठ परत आलेला मी सव्वीस वर्षांत बघितला नाही. हात साथ देत नसेल तर सांगा. थांबू या आपण."

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. मी हे आतून बघत होते. काम थांबलं तर हा माणूस खुर्चीत बसून भिंतीकडे बघेल आणि सहा महिन्यांत संपेल, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. मी बाहेर आले.

"मालक, तो माझ्या हातचा आहे," मी म्हणाले. "ह्यांना त्या दिवशी बरं नव्हतं. मीच आगाऊपणा केला."

मालकांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. मग त्यांनी मला समजावलं. वहिनी, हे काम येरागबाळ्याचं नाही, ह्याला उमर जावी लागते, तुम्ही कशाला मध्ये पडलात, वगैरे. मी मान खाली घालून सगळं ऐकलं. जिभेवर आलेलं गिळलं. सुटलो, असं मनात म्हटलं. आता ह्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. मी डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. पण माझं त्यांनी जन्मात कधी ऐकलं होतं, जे त्या दिवशी ऐकतील.

त्यांनी उजवा हात गिटारच्या कमरेवर ठेवला.

"मालक, उलटं आहे," ते म्हणाले. "गेल्या पावणेदोन वर्षांत तुमच्याकडे आले ते सगळे काठ हिचे. हा एवढा एक माझा."

मालक एकदा त्यांच्याकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. हे थांबले नाहीत.

"हिचा काठ सुटत नाही."

चार शब्द. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या कामाबद्दल काढलेले पहिले चार शब्द, आणि तेही माझ्याकडे न बघता. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ मोठा सोडून रडले.  बाहेर मालकांनी घसा खाकरला. त्यांनी ह्यांना विचारलं, मग काठवाले, सोमवारी पुढची पाठवू का?

"मला काय विचारता," हे म्हणाले. "तिला विचारा."

मी नळ बंद केला, तोंड पुसलं आणि बाहेर येऊन म्हणाले, पाठवा.