ताईने वाट सोडली नाही

माझ्या ताईसारखी वाट सोडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. दारात पोस्टमन समोर आला की ती आपल्याच घरात मागे सरकते. दुकानाच्या रांगेत कुणी नुसतं घड्याळाकडे बघितलं तरी म्हणते, "तुम्ही जा ना पुढे." लहानपणी आम्हा दोघींत एकच सायकल होती आणि ती माझी होती. खाऊचा मोठा तुकडाही माझा. आता यात माझी काय चूक? ती द्यायची, मी घ्यायचे. पंचेचाळीस वर्षं उत्तम चाललं होतं.

तर ही ताई फेरीबोटीवर एकोणीस वर्षं दोर बांधते आणि तिकिटं फाडते. बोट चालवणारा म्हातारा सारंग महिनाअखेरीस निवृत्त होणार होता. त्याने मालकाला सांगून ठेवलं होतं, सुकाणू हिच्याच हातात द्या. मालक म्हणाला, "देतो, पण परवाना आणा. नाहीतर मी बाहेरून माणूस बघतो." परवान्यासाठी समुद्रावरचे नियम यावे लागतात. कुणी कुणाला वाट द्यायची, कुठला दिवा कुठे, कसला भोंगा कधी. परीक्षा तीनदाच देता येते, आणि ताई दोनदा नापास झाली होती.

कशात नापास? ऐका. दोन बोटी एकमेकींना आडव्या येत असतील, तर जिला दुसरी आपल्या उजव्या हाताला दिसते तिने वळायचं. दुसरीने मात्र वळायचं नाही, थांबायचं नाही, आहे त्या दिशेने आणि आहे त्या वेगाने जात राहायचं. हे दुसरं ताईला काही केल्या जमेना. डावीकडून बोट आली की हिचा हात आपोआप वेग कमी करायचा. परीक्षक म्हणजे जाड चष्म्याचे एक निवृत्त कप्तान. त्यांनी कपाळाला हात लावला. "बाई, तो बिचारा तुमच्या मागून जायला वळला आणि तुम्ही मध्येच थांबलात! आता त्याने जायचं कुठून?"

"तो घाईत दिसत होता हो," ताई म्हणाली.

मग शिकवणी मी हातात घेतली. माझी स्वतःची छोटी लाँच आहे, नांगर टाकलेल्या जहाजांना मी पाव आणि भाजी पोचवते. परवाना मिळून बारा वर्षं झाली. मी तापट आहे असं सगळे सांगतात, त्यांना काय कळतंय! रोज संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरात जहाजं फिरायला लागली. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालायचे, डाव्या हातात लाल, उजव्या हातात हिरवा, बोटीच्या दोन बाजूंना दिवे असतात तसे. दाजींचं इस्त्रीचं दुकान. त्यांनी गिऱ्हाइकाची चादर पाठीला बांधली आणि "मी शिडाचं जहाज, इंजिनवाल्यांनी बाजूला व्हा!" असं ओरडत फ्रिजपासून बेसिनपर्यंत फेऱ्या मारल्या. सुकाणू बिघडलेलं जहाज दोन काळे गोळे टांगतं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी गळ्यात दोन जळकी पातेली अडकवली आणि तसेच दूध आणायला खाली गेले. घरात सगळं ठीक आहे ना, हे विचारायला शेजारीण वर आली. हसून हसून आमची मुरकुंडी वळली.

पण मी डावीकडून चहाचा ट्रे घेऊन आले की ताई थबकायचीच.

"थांबू नकोस!" मी किंचाळायचे.

"अगं चिमे, चहा सांडेल."

"सांडू दे!"

"तुझ्या अंगावर?"

एकदाही सांडला नाही. मी रडकुंडीला आले.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी लाँचमध्ये पाव-भाजी भरून निघाले, आणि मला लांबून फेरीबोट दिसली. सुकाणूवर ताई! शेजारी चष्मेवाले कप्तान, मागे म्हातारा सारंग. माझा ऊर असा भरून आला म्हणता, मी सरळ तिच्याकडेच निघाले. एका हाताने टॉवेल हलवतेय, "ए ताई! ताई गं!" म्हणून बोंबलतेय. आपण कुठल्या बाजूने येतोय हे बघायचं भानच नाही. बारा वर्षांचा परवाना गेला खड्ड्यात.

मग लक्षात आलं. फेरीबोट मोठी मोठी होत होती, पण माझ्या काचेच्या चौकटीत होती तिथेच होती, बोटभरही सरकत नव्हती. म्हणजे दोघी एकाच वेळी एकाच जागी पोचणार. ती माझ्या उजवीकडे होती, तिच्या डाव्या अंगाची लाल दिव्याची पेटी मला स्वच्छ दिसत होती. वळायचं होतं मी.

आणि लाज वाटते, पण सांगते, मी वळले नाही. मनात आलं, थांबेल की. ताईच तर आहे.

भोंगा वाजला. पाच छोटे, लागोपाठ. त्याचा अर्थ, तुझं चाललंय काय? फेरीबोट तशीच येत राहिली. वेग तोच, दिशा तीच. काचेमागे ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ओठ घट्ट मिटलेले होते. पुन्हा पाच. आयुष्यात ताई पहिल्यांदा माझ्यावर ओरडली, तीही दहा वेळा!

 एक भोंगा देऊन मी सुकाणू गर्रकन उजवीकडे फिरवलं. पावाची चळत माझ्या डोक्यावर आली, भाजीच्या टोपल्या पाण्यात गेल्या आणि मी फेरीबोटीच्या मागून, तिच्या लाटांवर उड्या मारत पलीकडे निघाले. भोवती भोपळे तरंगत होते. मी रागाने पाय आपटत होते आणि त्याच वेळी "पास! ताई पास!" म्हणून नाचतही होते.

धक्क्यावर कप्तानांनी ताईच्या कागदावर सही केली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला परवाना दिला कुणी?"

"तुम्हीच," मी म्हणाले. त्यांनी घाईघाईने पेन खिशात घातलं.

 माझ्या केसांत अडकलेला ओला पाव काढत ताईने विचारलं, "लागलं नाही ना गं?"

"आणि मी वळलेच नसते तर?" मी फणकारले.

"तर मी वळले असते. समोरचा ऐकतच नसेल तर आपण वळायचं, तोही नियमच आहे. पण अगदी शेवटी." मग ती हळूच म्हणाली, "मला बघायचं होतं चिमे, तू वळतेस का. लहानपणापासून बघायचं होतं."

मी बाजूला सरकून तिला धक्क्याच्या पायरीवर जागा करून दिली. मी सरकले, हे दाजींना अजून खरं वाटत नाही.

ताईने त्या ओल्या पावाचे दोन तुकडे केले. मोठा स्वतः घेतला.