वरच्या डोहाची बाटली

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. सालेकशाच्या जंगलातल्या एका नाल्याचं सॅम्पल मी नागपूरच्या लॅबोरेटरीत पाठवलं. बाटलीवर ‘वरचा डोह’ असं माझ्याच हातानं लिहिलं. पाणी त्या डोहाचं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा काळ. मी सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. नाल्याकाठच्या गावात ओकारी-हगवण लागून पाच माणसं गेली होती. गावानं दोषी आधीच ठरवला होता, सोमा ढीवर. त्यानं गावाजवळच्या डोहात मोहाच्या बियांची ढेप, तेल काढून उरलेली पेंड, टाकून मासे धरले होते. ढेपेनं मासा गुंगून वर येतो. माणूस त्यानं मरत नाही, हे मला ठाऊक होतं.

“ढेप टाकून पंधरा रोज झाले, साहेब,” सोमा म्हणाला. “माणसं आता मरून राहिली. वर जाऊन पाहा ना. तिकडलं पाणी ढोरं तोंडात घेत नाहीत. ढोराले समजते, तुमाले काऊन समजत नाही?”

सॅम्पलची बाटली घेऊन मी एकटाच नाल्यानं वर गेलो. दीड कोसावर लाकूडतोडीच्या ठेकेदाराचा कॅम्प होता. भर दुपार. वीसेक झोपड्या, माणूस एक नाही. चुलीवर भाताचं पातेलं, भातावर बुरशी. झुडपावर लुगडं वाळत घातलेलं. हात लावला तर ओलं. मी हाक मारली. पाखरूसुद्धा उडालं नाही.

वरचा डोह झोपड्यांच्या मागं होता आणि वाट त्यांच्या मधूनच जात होती. शेवटच्या झोपडीतून आवाज आला, “पानी.” बाईचा. सावकाश, जणू मी येणार हे तिला माहीत होतं. मी थांबलो. पुन्हा तसंच, “पानी.”

मी पळालो.

अर्ध्या वाटेवर कळलं, हातातली बाटली रिकामी आहे. तिथं गुराख्यांनी वाळूत उकरलेला झिरा होता. झिऱ्याचं पाणी वाळूतून गाळून येतं, म्हणून नितळ असतं. बाटली मी तिथं भरली.

रिपोर्ट आला: कॉलऱ्याचे जंतू नाहीत, पाणी पिण्यालायक.

माझ्या साहेबांनी विचारलं, “मग माणसं मेली कशानं?”

“ढीवरानं डोहात ढेप टाकली होती, सर.”

“आणि वरचा कॅम्प?”

“रिकामा आहे.”

“लिहा तसं.”

लिहिलं. नाल्याचं पाणी कोणी बंद केलं नाही, कॅम्पकडं कोणी फिरकलं नाही. आणखी माणसं गेली. त्यात सोमाची बायको होती. लोक म्हणाले, याच्याच विषानं खाल्ली. गावच्या जमीनदारानं, मालगुजारानं, त्याला गावाबाहेर काढलं.

जाताना तो मला स्टेशनवर भेटला. डोक्यावर जाळं, दुसरं काही नाही.

“वरच्या डोहापर्यंत गेले होते ना, साहेब?”

“हो,” मी म्हणालो.

त्यानं डोक्यावरचं जाळं सारखं केलं. “मंग मीच मारलं असन,” म्हणाला.

लॅबोरेटरी बाटलीतलं पाणी तपासते, बाटली भरणाऱ्याला तपासत नाही. नोकरीत एवढं मी शिकलो. झोपडीतल्या त्या बाईचं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. सोमा पुढं कुठं गेला, तेही नाही. त्याची लेक अजून त्याच गावात आहे, आणि तिच्या घरचं पाणी कोणी पीत नाही. त्या गावात उभं राहून, सोमानं कोणाला मारलं नाही, हे सगळ्यांसमोर सांगण्याचं देणं मी लागतो. अजून गेलेलो नाही.