पाइपाला टांगलेला शिशाचा एप्रन

मणक्याचं ऑपरेशन असलं की आमच्या थिएटरमध्ये एक्स-रेचं सी-आर्म मशीन टेबलाशी लागतं. सर स्क्रू बसवतात, मध्येच पायाने पॅडल दाबतात आणि पडद्यावर मणका उमटतो. तो दिसतो तेवढा वेळ आम्ही सगळे किरणांत उभे. आडोसा एकच, अंगातला शिशाचा एप्रन.

आठ वर्षांपूर्वी पुण्याहून हलके, नवे एप्रन आले. त्यातला एक मला देतो, असं सर स्वतः म्हणाले होते. तसं म्हणायला मीच त्यांना लावलं होतं. काष्टीच्या बाजारात आईशेजारी भाजी विकत मी बोलायला शिकले, नगरला आया म्हणून आले आणि काम करत करत नर्स झाले. मला गळी उतरवता येतं. पण ऐनवेळी तो एप्रन गेला नव्या असिस्टंट डॉक्टरांना. माझ्या खांद्यावर जुनाच, जड.

मी सरांना सगळ्यांदेखत नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी दुकानातून एक जाड पाइप आणला, भिंतीला बसवून घेतला आणि माझा एप्रन त्यावर टांगला. थिएटर आवरणाऱ्या मावशींना बजावलं, याला कोणी हात लावायचा नाही. बाकीचे एप्रन मावशी पैठणीसारखी घडी घालून कपाटात ठेवायच्या. त्या घडीचं सर कौतुक करायचे.

दोन वर्षांनी मला दिवस गेले. चौथा महिना लागेपर्यंत मी कोणाला सांगितलं नाही. वॉर्डात पाठवतील ही भीती होती, आणि थिएटरमधली जागा मी भांडून मिळवली होती. मुलगी आता बालवाडीत आहे.

परवा मशीन दुरुस्त करायला इंजिनिअर आला. कपाट उघडं होतं. घड्या पाहून तो थबकला. घडीच्या जागी आतलं शिसं तडकतं, म्हणाला. वरचं कापड शाबूत दिसतं, म्हणून कळत नाही. पाइप येण्याआधी माझाही एप्रन घडीतच असायचा. सगळ्यात जुना एप्रन माझा, आणि त्याच्या आड पोरीचे पहिले महिने गेलेले.

याच मशीनखाली ठेवून तपासता येतं, असं तो म्हणाला. सर म्हणाले, आज ऑपरेशनची यादी मोठी आहे, रविवारी बघू.

"रविवारी नाही, सर. आत्ता. नाहीतर पुढच्या केसला दुसरी सिस्टर बघा."

सरांनी मावशींकडे पाहिलं. मावशी भिंतीवरच्या माझ्या एप्रनकडे बघत होत्या. सर इंजिनिअरला म्हणाले, लावा.

आम्ही सगळे बाहेर, काचेआड उभे राहिलो. काळं म्हणजे चांगलं, पांढरी रेघ म्हणजे तडा, एवढं इंजिनिअरने समजावलं. सरांच्या एप्रनला कमरेशी दोन रेघा निघाल्या. असिस्टंट डॉक्टरांचा, म्हणजे माझ्या हक्काचा, छातीपासून पोटापर्यंत आडवा चिरलेला. मग माझा ठेवला. पडदा वरपासून खालपर्यंत काळा. शिवणीजवळ टाचणीएवढा एक ठिपका, त्याने काही होत नाही म्हणाला.

"आज धड आहे, मग सहा वर्षांपूर्वी?"

"ताई, तडकलेलं शिसं परत जुळत नाही. आज धड, तर तेव्हाही धडच."

मी हात धुवायच्या बेसिनशी गेले आणि नळ सोडून उभी राहिले. मावशी मागून आल्या. त्यांचाच चेहरा उतरला होता.

"बाई, म्या तर नीट ठेवावं म्हनून घडी घालीत हुते."

त्यांच्यावर चिडायला माझ्यात राग उरला नव्हता. हे आपल्याला कोणी सांगितलंच नाही, मी म्हणाले.

असिस्टंट डॉक्टर जरा वेळाने आले. सगळ्यांच्या छातीवरच्या किरण मोजायच्या बिल्ल्यांची मापं त्यांनी काढून पाहिली होती, मर्यादेतच होती. "सिस्टर, पाइप कुठून आणला?" त्यांनी विचारलं. मी दुकान सांगितलं. त्यांच्याही घरी आता बाळ येणार आहे.

सरांनी सगळ्यांसाठी नवे एप्रन मागवले. पहिला माझ्या नावाचा, हे मी त्यांच्याकडून लिहून घेतलं, गळा झाकणाऱ्या शिशाच्या पट्ट्यासकट. आठ वर्षांपूर्वीच्या शब्दाबद्दल ते अजून काही बोललेले नाहीत, आणि मीही तो विसरलेले नाही. नवा एप्रन आला, तो पाइपाला टांगला. अंगात मात्र मी सध्या जुनाच घालते; पोरीला त्यानेच सांभाळलंय.