कांद्याच्या मुळाचं टोक

आज, १२ डिसेंबर १९८६, सकाळी सव्वाआठ वाजता मी परभणीला शेतकी प्रयोगशाळेत कांद्याची मुळं कापत होतो. रोजंदारीचा माझा पहिलाच दिवस. चुडाव्याच्या वाचनालयातल्या मित्रांनो, काय घडलं ते तुम्हाला कळावं म्हणून हा कागद फळ्यावर लावतोय.

संशोधन करणाऱ्या मॅडमनी कांदे पाण्याच्या बाटल्यांवर ठेवून मुळं वाढवली होती. मी प्रत्येक मुळाचं पिवळट टोक खराब समजून खुडून केरात टाकलं आणि मागचा स्वच्छ पांढरा भाग जपून ठेवला.

झाडायला आलेले काशीमामा हसले. "भेंडी निवडायलास का रे? मॅडमला तर शेंडाच लागतो."

आता मॅडम मला घरी पाठवणार, असंच वाटलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "एक कांदा उरलाय. त्याची मुळं नीट काप."

त्यातल्या एका मुळाचं टोक लाल रंगात बुडवून, काचेखाली दाबून त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. एका पेशीत बारीक धागे मधोमध, शेजारच्या पेशीत ते दोन टोकांना ओढलेले, तिसरीत मध्ये नवी भिंत. एकीच्या दोन होत होत्या. मला तिथून डोळा हटवेना. मग माझा पांढरा भाग पाहिला. तिथे सगळं शांत.

"प्रत्येक पेशीत हेच धागे असतात. विभागायचं कधी, थांबायचं कधी, हे त्या धाग्यांतच लिहिलेलं असतं," मॅडम म्हणाल्या.

"पण धागे दोन्हीकडे तेच ना? मग मागच्या पेशींना थांब कोण म्हणतं?"

"ते मलाही पुरतं माहीत नाही. उद्या याच वेळी ये."

इतकं शिकलेलं माणूस किती सहज 'माहीत नाही' म्हणालं. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर खाली लिहा. मी मॅडमना सांगेन.