न लागलेला चटका

देवाच्या दारी गेलं की माणसाच्या जिवाचा घोर कमी होतो, असं लोक म्हणतात. माझा घोर मात्र देवाच्या दारी जाऊन जाऊनच वाढला, आणि त्यात देवाचा काडीचाही दोष नव्हता. इतक्या वर्षांनी लिहायला बसलो तरी त्या वेळच्या स्वतःचाच राग येतो. वाटतं, त्याला दंडाला धरून गदागदा हलवावं आणि विचारावं, अरे शहाण्या, तुला काय झालंय ते एकदा तोंडानं सांगशील का?

झालं होतं ते एवढंच. निजामाचं राज्य जाऊन नऊ-दहा वर्षं झाली होती. तुळजापूर तालुक्यातल्या एका गावी मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. माझ्या डाव्या हाताला, कोपराच्या खाली, रुपयाएवढा एक फिकट चट्टा उठला. खाजत नव्हता, दुखत नव्हता. एकदा अंघोळीचं कढत पाणी त्यावर पडलं आणि मला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतली टाचणी घेऊन मी तिथं टोचून पाहिलं. रक्ताचा थेंब आला, पण टोचल्याचं कळलं नाही. मी टाचणी पुसून पुन्हा कागदाला लावली आणि ठरवून टाकलं की आपण काही पाहिलंच नाही. महारोग झालेल्या माणसाचं काय होतं हे मला ठाऊक होतं. आमच्या गावाबाहेर एक सुतार झोपडी घालून राहत होता. त्याची बायको भाकरी दगडावर ठेवायची, लांबून हाक मारायची आणि मागं न बघता परत जायची. माझी नोकरी पोराबाळांतली. घरी बायको आणि दहा वर्षांची मुलगी. बापाच्या आजाराचं नाव फुटलं तर उद्या मुलीला कोण करून घेईल, या भीतीनं मी लांब बाह्यांचे तीन सदरे शिवून घेतले.

त्यानंतर सुरू झालं माझं देवदेव. दर मंगळवारी तुळजापूर, अमावास्येला कुठं ना कुठं. उपास तर इतके की बायकोनं स्वयंपाकाचा अंदाजच सोडून दिला. तिचा हात हाताला लागू नये म्हणून मी व्रताचं निमित्त काढून माझं अंथरूण ओसरीवर नेलं, ताट-तांब्या वेगळा केला. ती बिचारी वैशाखात म्हणायची, "अहो, अंगाची काहिली होतेय, निदान बाह्या तरी वर करा." मी डोळे मिटून नामस्मरणात असल्याचं दाखवायचो. गावात माझं नाव झालं. मास्तर म्हणजे देवमाणूस, मास्तरांनी संसारातून मन काढलं, असं लोक कौतुकानं बोलायचे. मला ते ऐकून बरंही वाटायचं, हे जास्त चीड आणणारं आहे. चट्टा वाढत होता. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं होतं. मी देवाला रोज नवीन नवस बोलत होतो आणि बाहीचं बटण रोज जास्त घट्ट लावत होतो.

पुढं महारोग शोधणारं सरकारी पथक गावोगाव फिरायला लागलं. ते शाळेत येऊन मुलांची आणि शिक्षकांचीही अंगं तपासत असत. पहिल्यांदा ते आमच्या शाळेत येणार असं कळलं, तेव्हा मी रजेचा अर्ज टाकून सोनारीच्या काळभैरवाला गेलो. दोन वर्षांनी पुन्हा निरोप आला की पथक दोन दिवस मुक्कामाला येतंय. मुख्याध्यापकांपुढं मी अर्ज ठेवला, "अणदूरच्या खंडोबाचा नवस फेडणेकामी." त्यांनी सही केली आणि मलाच नमस्कार केला.

मी तुळजापुराहून गाडी धरली. नळदुर्गाला अर्धी गाडी रिकामी झाली. उतरणाऱ्यांच्या कपाळाला भंडारा, हातात खोबरं. मी आपला खिडकीशी बसून राहिलो आणि अणदूरला उतरलो. देवळापुढं शुकशुकाट. समोरच्या दुकानदाराला विचारलं, तर तो हसायलाच लागला. "ह्या दिसांत देव नळदुर्गाला असत्यात की वो! म्हाईत न्हाय व्हय?" खंडोबाची मूर्ती वर्षातले दहा महिने अणदूरला आणि दोन महिने नळदुर्गाला असते, हे पंचक्रोशीतल्या लहान मुलालाही ठाऊक होतं. चार वर्षं देवदेव करणाऱ्या मला, देव कुठं आहे हेच माहीत नव्हतं. मला इतका वैताग आला की तिथूनच परत फिरावंसं वाटलं, पण परत कुठं जाणार? शाळेत पथक बसलं होतं.

दुकानापाशी खांद्यावर घोंगडं टाकलेली साठीची एक धनगरबाई उभी होती. ती म्हणाली, "चला मास्तर, म्या बी तिकडंच चाललेय. पायी गेलं तर लई लांब न्हाय." मी मास्तर आहे हे तिनं कशावरून ओळखलं कोण जाणे, बहुधा खिशातल्या पेनावरून. वाटेनं ती मेंढरांबद्दल, पावसाबद्दल बोलत राहिली. ऊन वर आलं तसं तिनं दोनदा माझ्या बाह्यांकडं पाहिलं. मी चाल वाढवली.

नळदुर्गाला पोचलो तेव्हा आरती सुरू होत होती. देवळात ही गर्दी, भंडाऱ्यानं पायाखालची फरशी पिवळी झालेली. धनगरबाईनं मला मास्तर म्हणून हाक मारलेली ऐकून आणि माझा शांत, उपासानं सुकलेला चेहरा पाहून कुणीतरी म्हणालं, "मास्तरांच्या हाती द्या दिवटी." खंडोबाच्या पूजेत पितळी मुठीची छोटी मशाल धरतात, ती दिवटी. उजव्या हातात खोबऱ्याची वाटी होती म्हणून मी ती डाव्या हातात घेतली. वाघ्यानं बुधलीतून तेल ओतलं. मी डोळे मिटले आणि मनात म्हणालो, देवा, ते पथक उद्याच्या उद्या गावातून जाऊ दे. एवढ्या लांब येऊन, चुकलेला रस्ता पायी तुडवून, देवाकडं मी मागितलं ते हे.

एक बाई किंचाळली म्हणून डोळे उघडले. तेल जास्त झालं होतं. पेटतं तेल मुठीवरून खाली ओघळून माझ्या करंगळीवर आणि शेजारच्या बोटावर जळत होतं. कुणीतरी दिवटी हिसकावून घेतली, कुणी हातावर घोंगडं दाबलं. मी नुसता पाहत उभा होतो, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा होता. आणि देवळात एकच गलका उठला. "देव पावला! आग झाली तरी मास्तर हालले न्हायती! येळकोट येळकोट जय मल्हार!" माझ्यावर भंडारा उधळला. लोक पाया पडायला लागले. एका बाईनं तान्हं लेकरू माझ्या पायावर घातलं.

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. चार वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास आला. मनात म्हटलं, बघ, हा रोग नव्हेच, ही कृपा आहे! कसलं पथक आणि कसली तपासणी? बाहीपेक्षा मोठा आडोसा मला मिळाला होता, आणि तोही थेट देवळात. मी त्या लेकराच्या डोक्यावर हातसुद्धा ठेवला. त्या हाताची आज लाज वाटते.

गर्दीतून वाट काढत ती धनगरबाई पुढं आली. तिनं पाया न पडता माझं मनगट धरलं आणि मला देवळाबाहेर, नदीच्या पायरीवर आणून बसवलं. हातावर गार पाणी सोडत तिनं विचारलं, "कळलं न्हाय न्हवं तुमाला?"

"देवाची कृपा, मावशी," मी म्हणालो.

"किरपा कशाची? कातडं जळालंय की! समद्या देवळात वास सुटलाय. जाळायचं ते जाळलंच हाय, तुमाला कळलं न्हाय एवढंच." तिनं मला न विचारता बाहीचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत सरकवली. चार वर्षांत त्या चट्ट्याला ऊन लागलं नव्हतं. तो आता तळहाताएवढा झाला होता. मावशी मागं सरकली नाही. उलट तिचं तोंड संतापानं लाल झालं. "आमच्या मालकानं बी असाच घोंगड्याखाली हात ठिवला. ह्या देवाला जाय, त्या देवाला जाय, म्या बी संगं हिंडले. बोटं झडली तवा कुठं दवाखाना. आता त्येन्ला काठी धरता येत न्हाय, मेंढरं म्या राखते. आता सरकार गोळ्या देतंय, गावोगाव हिंडून देतंय. तुमच्या गावाला कुणी आलं न्हाय व्हय?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्यात मी तरबेज झालो होतो. पण उघडा हात तिच्या हातात होता आणि तोंडून खरं निघून गेलं. "आलेत. आजच आलेत. शाळेत."

"आन् तुमी हितं?"

मी बाही खाली ओढायला लागलो. मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. "देव तरी काय काय करंल वो! मानूस दारात धाडला, तर तुमी हितं पळून आलाव. हितं आल्यावर जाळून दावलं, तर म्हंता किरपा. आता काय खाली उतरून तुमच्या कानाखाली वाजवावी व्हय त्येनं?"

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. पथकातला माणूस कापसाचा बोळा फिरवून विचारतो, कळतंय का? ती तपासणी चुकवायला मी गाव सोडून आलो होतो, आणि शेकडो लोकांपुढं माझी तपासणी झाली होती. मावशीनं पदराची चिंधी फाडून बोटं बांधली आणि मला हाताला धरून मोटारीपर्यंत सोडलं. गाडी हलेपर्यंत ती तिथंच उभी होती. मी मध्येच उतरून पळेन अशी तिला शंका असावी, आणि ती रास्तच होती.

दिवेलागणीला घरी पोचलो. मुलगी शेजारी खेळायला गेली होती. मी सदरा काढला आणि बायकोपुढं हात धरला. काय सांगायचं ते वाटेत घोकलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. तिनं चट्टा पाहिला, बांधलेली बोटं पाहिली आणि चुलीपुढं बसली. चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "चार वर्षं मला वाटत होतं, माझ्यावरनं तुमचं मन उडालं. मी काय गुन्हा केला म्हणून मी देवीला विचारत होते. आणि तुम्ही हे लपवत होता?" रोगाचं तिनं नावही काढलं नाही. मी तिला रोगापासून वाचवतोय असं स्वतःला सांगत होतो, आणि तिला चार वर्षं नको त्या आगीत ठेवलं होतं. ती उठली, ओसरीवरचं माझं ताट आणून तिच्या ताटाशेजारी मांडलं आणि रागारागानं म्हणाली, "जेवा आता. आणि उद्या रजा टाकलीत तर बघा."

दुसऱ्या दिवशी मी मुलांच्या रांगेच्या शेवटी उभा राहिलो. पथकातल्या माणसानं डोळे मिटायला सांगितलं. "कळतंय?" "नाही." "इथं?" "नाही." "इथं?" "नाही." मुख्याध्यापक शेजारी उभे होते. तरी प्रत्येक "नाही"ला काहीतरी हलकं होत होतं. मग कापूस मनगटाच्या आतल्या बाजूला आला आणि मी जवळजवळ ओरडलोच, "कळतंय!" तो माणूस हसला. म्हणाला, उशीर केलात, पण फार नाही.

सगळं गोड झालं असं नाही. दोन घरांनी मुलं शाळेतून काढली, आणि त्यातलं एक घर परत आलंच नाही. पाणवठ्यावर बायकोला बोलणी खावी लागली. गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागल्या. पण नोकरी राहिली, हात राहिला आणि पुढं मुलीचं लग्नही झालं. सोयरिकीच्या बैठकीत मी सगळं आधीच सांगून टाकलं होतं. शरण जाणं म्हणजे काय, हे मला थोडंफार कळलं ते तेव्हापासून. चार वर्षं मी देवापुढं हात जोडत होतो, पण बाही खाली ओढून. ज्याला सगळं दिसतं त्याच्यापुढं मी लपाछपी खेळत होतो, आणि तोही माझ्यामागं येऊन येऊन दमला असेल.

पुढच्या वर्षी त्याच दिवसांत मी नळदुर्गाला उतरलो. नळदुर्गालाच. अर्ध्या बाहीचा सदरा होता आणि बरोबर बायको होती. नदीच्या पायरीवर मावशी दिसली. मी हात पुढं केला. तिनं उलटसुलट करून पाहिला आणि करंगळीवर बोट ठेवलं. "हे वाकडंच ऱ्हायलं की! आधी यायला काय झालं हुतं?" मग शेजारचं बोट धरून तिनं नख रुतवून असा चिमटा काढला की मी कळवळून हात मागं ओढला.

"दुखलं व्हय?"

"दुखलं की हो मावशी!"

"मंग आता म्हणा येळकोट," ती म्हणाली, आणि मी म्हणालो.