येसाजीअण्णा आजाऱ्याला भेटायला जातात

बेंगळूरला के. आर. पुरमकडे पंपाच्या मोटारी बनवणारा एक सरकारी कारखाना होता आणि येसाजीअण्णा तिथे वेल्फेअर इन्स्पेक्टर होते. हुद्दा मोठा भारदस्त. काम असं, की कुणी कामगार दोन दिवसांहून जास्त आजारी पडला की कंपनीच्या जुनाट स्कूटरवरून त्याच्या घरी जायचं, तो खरंच आजारी आहे की सोंग घेऊन पडलाय ते बघायचं, आणि कंपनीतर्फे अर्धा डझन मोसंबी देऊन परत यायचं. नियम करणाऱ्यांच्या मते तपासणी हे काम होतं आणि मोसंबी हे निमित्त. अण्णांच्या मते बरोबर उलट.

अण्णांचं घराणं शहाजीराजांच्या काळात घोड्यावर बसून बेंगळूरला आलं होतं. पुढे घोडे गेले, राज्य गेलं, आणि घराणं राजाजीनगरात दोन खोल्यांत येऊन टेकलं. मराठी मात्र कुणी सोडली नाही. तिला कन्नडची फोडणी इतकी सढळ हातानं बसली होती, की पुण्याच्या माणसानं ऐकलं तर आधी त्याला हसू यायचं आणि मग हसल्याची लाज वाटायची.

अण्णांना माणसं लागत. कुणाला जेवण लागतं, कुणाला विडी लागते, तशी अण्णांना माणसं लागत. घरात कुणी नसलं तर ते दुधाच्या पिशवीशी गप्पा मारतात, असं त्यांच्या बायकोचं, सकवारबाईंचं म्हणणं होतं. तेव्हा आजाऱ्याच्या घरी गेलेले अण्णा तासाभराच्या आत बाहेर पडले असं कधी झालं नाही. त्या तासाभरात कुणाच्या नळाला पाणी यायचं, कुणाच्या पोरीला स्थळ मिळायचं, कुणाच्या सासूची समजूत निघायची, आणि आजारी माणूस बहुधा दुसऱ्या दिवशी कामावर हजर असायचा. कारखान्याच्या कागदांवर या सगळ्याला एकच शब्द होता : ‘भेट’.

सन चौऱ्याण्णव. सरकारी कारखान्यांना खर्च कापायचा झटका आला होता. आधी कॅन्टीनमधला दुसरा वडा गेला. मग हात धुवायच्या साबणाची वडी अर्धी झाली. आणि मग पुण्याहून नंदकिशोर नावाचे नवे पर्सोनेल मॅनेजर आले आणि त्यांची नजर अण्णांवर पडली. नंदकिशोर माणूस सरळ होता, इतका सरळ की वळणावर अडकायचा.

“अण्णा,” ते म्हणाले, “इतक्या वर्षांत तुम्ही एकही खोटा आजारी पकडला नाहीत? एकही नाही?”

“नाही साहेब,” अण्णा हात जोडून म्हणाले, “देवाची कृपा.”

“कृपा कसली! हा प्रॉब्लेम आहे! चोर पकडण्यासाठी ठेवलेला माणूस एकही चोर पकडत नसेल, तर त्या पोस्टचा युज काय?”

“चोर कुठून आला साहेब मध्येच? आजारी म्हटलं की हो तुम्हीच आत्ता.”

नंदकिशोरनी कपाळाला हात लावला. पण निर्णय झाला होता. महिनाअखेरीस जनरल मॅनेजर त्रिविक्रम साहेबांपुढे प्रस्ताव जाणार : वेल्फेअर इन्स्पेक्टरचं पद रद्द, अण्णांची बदली स्टोअर्समध्ये. पगार तोच. फक्त खोली तळघरातली, आणि संगतीला नटबोल्ट.

सकवारबाईंनी हे ऐकलं आणि डोळ्याला पदर लावला. “पगार राहिला म्हणून काय झालं? त्या तळघरात तुम्ही सहा महिन्यांत बोल्टांची लग्नं लावाल हो! वेड लागेल तुम्हाला.”

अण्णा हसले, पण ते घाबरले होते. माणूस दिसणार नाही अशा खोलीत आपण जगणार कसे, हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

तरी नंदकिशोर न्यायी. निकाल देण्याआधी एकदा प्रत्यक्ष पाहावं म्हणून ते अण्णांच्या स्कूटरवर मागे बसले. ही स्कूटर चालू करण्यापूर्वी तिला डावीकडे आडवी करून आळवावी लागे. साहेबांनी स्वतः ती आळवली, पँट खराब केली, आणि दोघं उल्हासच्या घरी पोचले. उल्हास लेथवरचा टर्नर. कारण लिहिलं होतं, टायफॉइड.

टायफॉइडचा रोगी ओट्यावर बसून डोसा खात होता. साहेबांना पाहून त्यानं डोसा टाकला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अण्णांनी हळूच त्याचे हात बाजूला केले. मिशी गायब होती. उल्हासची मिशी म्हणजे आख्ख्या विभागाचं भूषण. कॅरमच्या पैजेत तो हरला होता, मिशी उतरवावी लागली होती, आणि नवी उगवेपर्यंत कारखान्यात पाऊल टाकायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं.

“हा आजार आहे?” नंदकिशोर ओरडले.

“चेहरा बघा की साहेब,” अण्णा कळवळून म्हणाले, “निम्मा झालाय बिचारा.”

त्यांनी मोसंबी दिली, कपाळावर हात ठेवून ताप पाहिला, उरलेला डोसा त्याला संपवायला लावला आणि ‘रोगी अशक्त आहे’ असं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लेथवर उल्हास उभा होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी तीन गडी, सगळे सफाचट. ते तिघं पैज जिंकणारे होते. अण्णा रात्री त्यांच्या घरी जाऊन काय बोलले ते कुणाला कळलं नाही. पंधरवडाभर बंद असलेला लेथ सुरू झाला होता एवढं खरं. नंदकिशोरनी तो सुरू झालेला पाहिलाच नाही. त्यांना फक्त चार सफाचट माणसं दिसली, आणि हा कारखाना आहे की सर्कस, असं त्यांनी घरी जाऊन बायकोला विचारलं.

घर जयनगरात, भाड्याचं. बायको प्रेमा एका संशोधन संस्थेत कामाला, आणि मुलगा क्षितिज, ज्याला भूक लागली की तो घर डोक्यावर घेई. प्रस्ताव साहेबांपुढे जायचा आठवडा उजाडला आणि नेमका नंदकिशोरांच्या घरचा गॅस संपला.

आता गॅस संपणं म्हणजे काय, हे ज्यानं तो काळ पाहिलाय त्यालाच ठाऊक. नंबर लावायचा आणि वाट बघायची. सिलिंडरवाला येणार कधी, हे ब्रह्मदेवालाही माहीत नसे. तो यायचा, दाराला कुलूप बघायचा आणि सिलिंडर घेऊन जो जायचा, तो पुढल्या आठवड्यापर्यंत तोंड दाखवायचा नाही. गॅस पुरता संपण्याआधीच तो दोनदा असाच कुलूप बघून गेला होता. विजेच्या शेगडीची तार जळाली होती. रेशनकार्ड अजून पुण्याचं होतं, म्हणून रॉकेल नाही. प्रेमाचा कसला तरी मोठा प्रयोग चालू होता, तिला रजा मिळेना. शेवटी नंदकिशोरनी कारखान्यात फोन केला, खोल आवाजात सांगितलं, “व्हायरल फीव्हर,” आणि सिलिंडरची वाट बघत दारात खुर्ची टाकून बसले.

इकडे कारखान्यात गंमत झाली. कॅन्टीनच्या तांदळाच्या मागणीवर नंदकिशोरांची सही लागायची. काटकसर म्हणून तो नियम त्यांनी स्वतःच केला होता. सही नाही, म्हणून तांदूळ नाही, म्हणून सकाळी उप्पीट, दुपारी उप्पीट. दुसऱ्या दिवशीही उप्पीट. तिसऱ्या दिवशी वाइंडिंग विभागातल्या अंबुबाईंनी उप्पिटाची ताटली मशीनवर ठेवली आणि म्हणाल्या, “आधी भात, मग मोटार.” सगळा विभाग हात बांधून बसला. एका घरात चूल पेटेना म्हणून सातशे माणसांचा कारखाना थंड पडायची वेळ आली, आणि हे कुणालाच कळत नव्हतं.

नियम म्हणजे नियम. तो शिपायाला लागू तसा साहेबालाही. दोन दिवस उलटले, अण्णांनी मोसंबी घेतली, स्कूटर आडवी केली आणि जयनगरला निघाले. आपल्याला तळघरात घालणाऱ्या माणसाकडे आपण फळं घेऊन चाललोय, हे त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. मग त्यांनी दोन मोसंबी पदरची घातली, कारण साहेब एवढा धडधाकट माणूस, तो पडलाय म्हणजे दुखणं भारी असणार.

त्यांनी घंटी वाजवली. आतून धावण्याचा आवाज आला, दार धाडकन उघडलं, आणि अर्ध्या चड्डीतले पर्सोनेल मॅनेजर रिकामा सिलिंडर पोटाशी कवटाळून “आला! आला!” असं ओरडत बाहेर आले.

समोर अण्णा, हातात मोसंबी.

मग नंदकिशोर, सिलिंडर तसाच पोटाशी धरून, खोकले.

“अय्यो साहेब,” अण्णा पुढे झाले, “तापात एवढं वजन उचलतात का हो?” त्यांनी सिलिंडर हळूच काढून घेतला आणि साहेबांना खुर्चीत बसवलं. “काय खाल्लंत?”

“ब्रेड,” साहेब म्हणाले. आणि मग आपणहून सांगू लागले, “तीन दिवस ब्रेडच. क्षितिज आता ब्रेड पाहिला की रडतो, अण्णा.” उपाशी माणूस हट्टी राहू शकत नाही.

अण्णांनी समोरच्या घराकडे बोट केलं. “तिथं कोण राहतं?”

“कुणास ठाऊक. मला कन्नड येत नाही, सो बोलणं होत नाही.”

“किती दिवस झाले इथं येऊन?”

“सहा महिने.”

अण्णांनी एवढाच सुस्कारा सोडला आणि रस्ता ओलांडला. तिथे कमलाक्का नावाच्या एक जाड्या, हसऱ्या बाई होत्या. अण्णा त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलले : अक्का, यांचा गॅस आला तर जरा उतरवून घ्याल का, रिकामा सिलिंडर आणि पैसे तुमच्याकडे ठेवतो. कमलाक्का म्हणाल्या, “सरी.” म्हणजे, बरं. बस्स. तीन दिवस कारखाना उप्पिटावर जगत होता तो या एका ‘सरी’साठी. वर त्या म्हणाल्या, तो माणूस तीन दिवस दारात खुर्ची टाकून आमच्याकडे टक लावून बघतोय, आम्हाला वाटलं पोलिसातला आहे. आणि त्यांनी डबाभर भात-सारू पाठवून दिलं.

नंदकिशोर उभ्याउभ्याच जेवले. तासाभरात ते कारखान्यात होते, तांदळाच्या मागणीवर सही झाली, आणि अंबुबाईंनी मशीनवरची ताटली उचलली.

दुसऱ्या दिवशी त्रिविक्रम साहेबांपुढे बैठक झाली. प्रस्ताव टेबलावर, अण्णा दाराशी उभे. त्रिविक्रम साहेबांनी सहज विचारलं, “शेवटची भेट कोणाची?”

“मॅनेजर साहेबांची.”

“खरंच आजारी होते?”

“फार साहेब,” अण्णा मनापासून म्हणाले. “अंगात त्राण नव्हतं. बघवत नव्हतं.”

नंदकिशोरांचे कान लाल झाले. सरळ माणसाची हीच अडचण असते. ते उभे राहिले. “सर, मी आजारी नव्हतो. मी गॅसची वाट बघत होतो. अण्णांनी ते पाहिलंय, आणि त्यांनीच मला कामावर आणलं. ही पोस्ट रद्द करू नये, असं माझं मत आहे. सर, हा माणूस...”

पण पुढचं ऐकतो कोण? त्रिविक्रम साहेबांनी टेबलावर थाप मारली. “म्हणजे येसाजीनं शेवटी एक पकडला! आणि पकडला तोही थेट मॅनेजर! वा! असा कडक माणूस स्टोअर्समध्ये टाकायचा? छे! पद कायम!”

“साहेब, मी नाही पकडलं!” अण्णा कळवळले. “ते आजारीच होते!”

“विनय बघा,” त्रिविक्रम साहेब इतरांना म्हणाले, आणि पुढच्या विषयाकडे वळले.

बाहेर व्हरांड्यात नंदकिशोरनी अण्णांचं अभिनंदन करायला हात पुढे केला. अण्णांनी तो घेतला नाही. त्यांचे डोळे भरले होते.

“काय केलंत हे साहेब? आजवर माझ्या तोंडून कुणाचं नाव वाईट झालं नव्हतं. आता सगळे म्हणणार, अण्णांनी माणूस पकडला. कोण घरात घेणार मला?”

“अहो, पण पोस्ट वाचली ना तुमची!”

“वाचली. कशासाठी ठेवलीय ते त्यांना कळलं का पण?”

नंदकिशोर खाली बघत म्हणाले, “मला कळलं. खरं सांगू अण्णा? त्या तीन दिवसांत गॅसचं काही नव्हतं एवढं. दारात बसून सारखं वाटत होतं, आपलं या गावात कुणीच नाही. मदत मागायची तर कुणाकडे?”

अण्णांनी डोळे पुसले आणि पहिल्यांदाच ते साहेबांवर रागावले.

“कुणी नाही काय म्हणता? कुणावर असं म्हणायची पाळी येऊ नये, म्हणून तर कंपनी मला पगार देते.”