किसननानांचं ‘मायलेकी’

आमच्या रिहे गावात लेक सासरी निघाली की ‘मायलेकी’ वाजायचं. त्याचे शब्द कुणी म्हणत नसे, कारण नावापलीकडं ते कुणाला ठाऊकच नव्हते. किसननाना ते क्लॅरनेटवर वाजवायचे. सूर चढत जाऊन एका जागी थांबायचा, तिथं बायका मनातल्या मनात म्हणायच्या, ‘ओ मायलेकी, ओ मायलेकी’. त्या जागी रडली नाही अशी नवरी मी पाहिलेली नाही. माझ्या लग्नात मी अगदी ठरवून कोरड्या डोळ्यांनी गाडीपर्यंत गेले होते, पण त्या सुरानं माझी पार दैना केली. माझ्यामागं आई कितीतरी दिवस चुलीपुढं बसून तेच गुणगुणायची, असं वहिनी सांगायची.

नाना ते कुठं शिकले, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी पौडजवळ एका बड्या घरच्या लग्नात त्यांचा बँड होता. बँडवाल्यांना, त्यातून बौद्धवस्तीतल्यांना, मांडवामागं गोठ्यापाशी जेवायला बसवायची तेव्हाची रीत. मांडवात कर्ण्यावर रेकॉर्ड लागली होती आणि वारा उलटा होता.

“निम्मं गानं वाऱ्यानं नेलं, बाई,” नाना म्हणाले होते. “चाल तेवडी आली, आन् मायलेकी. त्याच वख्ताला तिकडं नवरीची आई रडाया लागली. मला वाटलं, काय गानं केलंय लेकाच्यानं.”

घास हातात तसाच धरून त्यांनी ती चाल तोंडानं घोटली. गाणं जरा पळत होतं. पाठवणीला पळून कसं चालेल, म्हणून त्यांनी ते निम्म्या लयीवर आणलं. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतल्या किती मुली त्या सुरावर गाडीत बसल्या असतील, त्याचा पत्ता खुद्द नानांनाही नाही.

आता माझ्याबद्दल. मी शाळेत इंग्रजी शिकवते. दुसऱ्याची चूक दिसली की माझा हात आपोआप लाल पेनाकडं जातो. घरी यावरून माझी भरपूर टिंगल होते आणि ती रास्त आहे.

गेल्या वर्षी मोबाईलवर जुनी गाणी ऐकत भाजी निवडत होते. एकदम गिटार वाजली, मागून कुणीतरी शीळ घातली, ड्रम उडत आला आणि मी ताडकन उठले. चाल आमची होती. गाणं हिंदी होतं, थाट सगळा विलायती. हॉटेलात ग्लास घेऊन बसलेला एक रंगेल गडी नाचणाऱ्या बाईला हाका मारत होता, ‘ओ माय लेडी, ओ माय लेडी’. मी पोट धरून हसले. मग दहा वेळा ऐकलं. खरं सांगते, गाणं झकास होतं. त्या चढत्या जागेवर गाणाऱ्याचा आवाज किंचित कापायचा, जणू त्या रंगेल गड्यालाही आतून काही ठाऊक असावं.

इथवर ठीक होतं. पण मी रविवारी माहेरी, फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर गेले आणि चारचौघांत नानांना ते ऐकवलं. वर अर्थही सांगितला. टपरीवर हशा पिकला. तिथं बसलेला नथू म्हणाला, “नाना, माज्या बहिणीला बारमधनं नांदाया धाडलंत व्हय?”

नानाही हसले. चहा मात्र तसाच ठेवून गेले.

त्यानंतर त्यांनी क्लॅरनेटला हात लावला नाही. मला हे कळलं ते त्यांच्या सुनेकडून, इंदूबाईकडून. नवरा गेल्यावर एका फार्महाऊसवर स्वयंपाक करून तिनं एकुलत्या लेकीला, अपेक्षाला, शिकवलं. अपेक्षा आता हिंजवडीत नोकरी करते. तिचं लग्न ठरलं होतं. पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून नाना म्हणायचे, “हिच्या टायमाला असं वाजवीन, का गाव ऐकत ऱ्हाईल.”

“क्लॅरनेटची पेटी माळ्यावर टाकलीया,” इंदूबाई म्हणाली. “वाजवनार न्हाई म्हनत्यात. तुमी काय ऐकवलं वो त्यास्नी?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच नानांकडं गेले. ते अंगणात तांदूळ पाखडत होते.

“नाना, चुकलं माझं.”

“तुमी काय चुकला? खरं त्येच सांगितलं,” ते सुपातून मान वर न काढता म्हणाले. “पंचेचाळीस वर्सं लेकीबाळींना दारूवाल्याचं गानं वाजवलं मी. आयाबाया रडायच्या म्हनं, आन् मी आपला शाना.”

“मी त्या गाण्यावर रडले, ते खोटं होतं का?”

“मी कुटं बगितलं रडताना? मी मांडवाभाईर, डोळे मिटून वाजवनार.”

मी तिथून उठून आले.

लग्न दुपारचं होतं. बुद्धवंदना झाली, हार झाले, जेवणं झाली. नाना पहिल्यांदाच मांडवात, पुढच्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात बसले होते. पाठवणीला नवरदेवाच्या दोस्तांनी डीजेला काहीतरी सांगितलं आणि गिटार वाजली. तेच गाणं. दोस्तमंडळी शिट्ट्या मारत नाचायला लागली.

पण ‘माय लेडी’ची जागा आली आणि आमच्या रिह्याच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. चाल पळत होती, ड्रम बडवत होता, आणि एकेक बाई रडत होती. साठीच्या गंगूबाई रडत होत्या. इंदूबाईनं लेकीच्या गळ्यात हात टाकला, दोघींना सुटं होता येईना. नाचणारी पोरं गोंधळून उभी राहिली.

नाना हे सगळं बघत होते. एकीकडून दुसरीकडं, सावकाश, एकेका बाईचं तोंड बघत होते.

मग ते उठले, डीजेपाशी गेले. “बंद कर. इंग्रजी झालं, आता मराठी ऐक.”

पेटी त्यांच्या खुर्चीखालीच होती. माळ्यावरून कधी काढली, मी विचारलं नाही. पहिला सूर फाटला, दुसराही. मग लागला. नाना मांडवाच्या मधोमध उभे होते, इंदूबाई आणि अपेक्षापासून दोन हातांवर, आणि त्यांनी डोळे मिटले नव्हते.

सूर चढला, थांबला. मला चुलीपुढची माझी आई दिसली. तीस वर्षं मी इंग्रजी शिकवते, पण तिथं ‘माय लेडी’ मला काही केल्या ऐकू आलं नाही.